माणसाचं डोकं आणि एआय: नाशिककर सतत विचारतात ते प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी पंचवटीत मी वयाने मोठ्या मंडळींना मोबाइल आणि कॉम्प्युटर शिकवते. काही वर्षांपूर्वी प्रश्न असायचे यूपीआयचे, नाहीतर 'माझे फोटो गेले कुठे' याचे. आता निम्मे प्रश्न एआयचे असतात आणि ते रात्री अकरालासुद्धा व्हॉट्सॲपवर येतात. तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच बसून लिहिलं. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे शेवटी. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. मॅडम, एआय म्हणजे नक्की काय? ते खरंच विचार करतं का?

'दुरून डोंगर' एवढंच म्हटलं की तुमच्या तोंडून 'साजरे' निघतं. त्यासाठी कुणी विचार करत बसत नाही. हजारदा ऐकलेलं असतं म्हणून जीभ आपोआप तिकडे जाते. चॅटजीपीटी, जेमिनाय वगैरे ज्यांना आपण हल्ली एआय म्हणतो, त्यांचं मूळ काम हेच. आतापर्यंतचे शब्द बघायचे, पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त ते काढायचं, तो लावायचा आणि पुन्हा पुढचा. हे जमावं म्हणून त्यांना पुस्तकं, बातम्या, इंटरनेटवरचा मजकूर असं अफाट वाचायला दिलेलं असतं. अंदाज चुकला की आतले आकडे किंचित हलवायचे, असं कोट्यवधी वेळा. २०२० सालच्या जीपीटी-३ मध्ये असे १७,५०० कोटी आकडे होते.

पण 'नुसता पोपट आहे' म्हणून मोकळे होऊ नका. पुढचा शब्द नीट ओळखायचा तर बेरजेपुढे बरोबर उत्तर यावं लागतं आणि तक्रारअर्जाच्या शेवटी 'आपला विश्वासू' यावं लागतं. त्या नादात भाषेची आणि जगाची बरीच घडण त्या आकड्यांत उतरते. नवी मॉडेलं (असं वाचायला देऊन तयार केलेल्या प्रोग्रॅमला मॉडेल म्हणतात) तर उत्तराआधी पायऱ्या मांडतात, स्वतःच खोडतात, परत मांडतात. याला विचार म्हणायचं की नाही, हे त्या शब्दात तुम्ही काय काय धरता त्यावर आहे. मी काय धरते ते प्रश्न ५ मध्ये.

२. पण माणूस तरी वेगळं काय करतो? आपणही अंदाजच बांधतो की.

बांधतो. लाइट गेलेली असताना जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे जमीनच लागावी, तेव्हा अंगभर जो हिसका बसतो तो आठवा. मेंदूने पायरीचा अंदाज आधीच बांधून ठेवला होता, तो चुकला, एवढंच झालं. आपलं बघणं, ऐकणं, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडून 'कळलं कळलं' म्हणणं, हे सगळं अशा अंदाजांवर चालतं.

फरक त्या हिसक्यात आहे. आपला अंदाज चुकला की घोटा मुरगळतो, छाती धडधडते आणि पुढचे आठ दिवस आपण कठडा धरून उतरतो. मेंदू शरीराला बांधलेला आहे आणि त्याचा सगळा खटाटोप ते शरीर जगवण्यासाठी चाललेला असतो. हा जेमतेम १.४ किलोचा अवयव साधारण २० वॅटवर चालतो, म्हणजे घरातल्या एका एलईडी ट्यूबएवढ्या विजेवर. मोठं मॉडेल तयार करायला मात्र हजारो चिपा आठवडेच्या आठवडे चालवाव्या लागतात.

३. एआयमध्येही 'न्यूरॉन' असतात म्हणे. म्हणजे मेंदूचीच नक्कल ना?

नाव तिथून घेतलंय. १९४३ साली मॅक्युलॉक आणि पिट्स या दोघांनी मेंदूच्या पेशीचं अगदी सोपं गणिती रूप मांडलं, त्या कल्पनेची ही पुढची पिढी. यंत्रातला 'न्यूरॉन' म्हणजे गुणाकार-बेरजेची एक पायरी. मेंदूतल्या पेशी साधारण ८,६०० कोटी. त्या जिवंत असतात, रसायनं सोडतात, झोपेत वेगळ्या वागतात. अशा जाळ्यांना शिकवण्याच्या कामाचा पाया घातल्याबद्दल २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल हॉपफिल्ड आणि हिंटन यांना मिळालं, हे मात्र खरं.

४. हे सगळं अचानक कुठून आलं?

अचानक काही नाही. १९५० मध्ये ॲलन ट्युरिंगने 'यंत्र विचार करू शकेल का' हा प्रश्न लेखात मांडला. १९५६ मध्ये अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात उन्हाळी बैठक भरली, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव तिच्यामुळे रुजलं. मग अनेक वर्षं गाजावाजा आणि निराशा आळीपाळीने. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली, आजची चॅटजीपीटीसारखी मॉडेलं तिच्यावरच उभी आहेत, आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं. आपल्या क्लासमध्ये पहिला प्रश्न आला तो त्यानंतरच्या संक्रांतीला. एका काकूंना तिळगुळासोबत पाठवायला कविता हवी होती.

५. माझ्या मुलाने द्राक्षाच्या रोगाबद्दल एआयला विचारलं, उत्तर अगदी बरोबर आलं. मग आमच्या तीस वर्षांच्या अनुभवाला किंमत काय?

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत, सगळीकडून हा प्रश्न येतो आणि दर वेळी त्यात थोडा राग असतो. म्हणून जरा सविस्तर.

डावणी हा द्राक्षाचा रोग कसा ओळखायचा असं विचारलं की एआय सांगतं: पानावर वरच्या बाजूने तेलकट पिवळे डाग, खालच्या बाजूने पांढरी बुरशी, पानं ओली राहिली की झपाट्याने पसरते. चोख उत्तर. आता गोडी छाटणीनंतरच्या एखाद्या सकाळी माझ्या मामांबरोबर बागेत चला. मामा सरळ मधल्या ओळीत शिरत नाहीत. शेजारच्या उसामुळे जिथे वारा अडतो त्या कोपऱ्यातली चार झाडं आधी बघतात, कारण तीन वर्षांपूर्वी सुरुवात तिथूनच झाली होती. पान उलटं करतात, अंगठा फिरवतात, अंगठ्याकडे बघतात. चपलेला माती किती चिकटतेय हे खाली न बघता त्यांना कळलेलं असतं. मग मोबाइलवर पावसाचा अंदाज बघून म्हणतात, "आज नको. उद्या पहाटे औषध मारू."

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाचे चार मार्ग सांगितलेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. हे गौतमांच्या न्यायसूत्रातलं. (ब्रह्मगिरीवर गोदावरी आणणारे आपले गौतम ऋषी ते हेच का, या पंडितांच्या भांडणात मी पडत नाही.) मामांकडे चारही आहेत. पान पाहिलं ते प्रत्यक्ष. दव धरून पुढचं ताडलं ते अनुमान. 'तेव्हासारखंच दिसतंय' हे ढोबळमानाने उपमान. कृषी विद्यापीठाची शिफारस वाचली तो शब्द. मजकूर वाचून तयार झालेल्या एआयच्या हाती मुळात एकच मार्ग लागतो, शब्दाचा. आणि न्यायसूत्राने त्यालाही अट घातली आहे: 'आप्तोपदेशः शब्दः'. सांगणारा आप्त हवा, म्हणजे त्याला विषय ठाऊक हवा आणि आहे तसं सांगण्याची त्याची इच्छा हवी. एआयने जे वाचलं त्यात संशोधकाचा लेख असतो, औषध विकणाऱ्याची जाहिरात असते आणि बागेत कधी पाऊल न टाकलेल्याचा लेखही असतो. सगळं घुसळून एकच आवाज बाहेर येतो. त्या आवाजाच्या मागे आप्त कोण, हे विचारलं तर बोट दाखवायला कुणी नसतं.

हे असंच राहील असं समजू नका. कित्येक बागांत हवामानाची यंत्रं आणि सेन्सर बसलेत, फोटोवरून रोग ओळखणारी ॲप आलीत. म्हणजे यंत्राला थोडे डोळे फुटलेत, प्रत्यक्षाचं दार किलकिलं झालंय. तरी एक गोष्ट उरते. गारपीट झाली तर सोसायटीच्या कर्जाचा बोजा मामांच्या सातबाऱ्यावर राहतो. 'उद्या पहाटे' म्हणताना ते जे थबकतात, ते त्या बोज्यामुळे. विचार या शब्दात मी हे थबकणं धरते: चुकलं तर ज्याला झळ लागणार आहे, त्याने मांडलेला हिशोब. तुमची व्याख्या वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येईल.

मुलाला ओरडू नका. लक्षणं पाठ करायला त्याने साधन बरोबर निवडलंय.

६. एआय खोटं का बोलतं?

खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं. एआयचं काम 'पुढे काय शोभेल' ते काढायचं (प्रश्न १), त्यामुळे खरं उत्तर आणि खऱ्यासारखं उत्तर एकाच भट्टीतून निघतात.

आमच्या बिल्डिंगमधल्या सातवीतल्या मुलीने २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी भाषण तयार केलं. त्यात 'कुसुमाग्रज म्हणतात' म्हणून चार ओळी होत्या. यमक ठीक, लय ठीक, मातीही होती आणि आकाशही होतं. मला वाचून दाखवल्या तेव्हा मी "छान" म्हटलं. मी, जी दर शनिवारी लोकांना सावध करते ती. पकडलं तिच्या आजीने. त्या पोळ्या लाटत होत्या, लाटणं थांबवून म्हणाल्या, "हे तात्यासाहेबांचं नाही." मी दोन संध्याकाळ संग्रह चाळले. कुठेच नव्हत्या. आजींना कसं कळलं ते त्यांना सांगता येईना. "ते असं गोड गोड संपवत नाहीत," एवढंच म्हणाल्या.

मोठ्यांचीही अशीच फजिती होते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल जोडले; ते निकाल कधी लागलेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. विशेष म्हणजे वकिलाने 'हे खटले खरे आहेत का' असं त्यालाच विचारलं होतं आणि त्याने हो म्हटलं होतं. तेव्हा आधार मागा, आणि तो आधार स्वतः उघडून बघा. नुसतं मागून भागत नाही, आधारही रचलेला निघू शकतो.

७. माणूसही चुकतोच की. मग एवढं काय?

चुकतो, आणि ठरलेल्या जागी चुकतो. गेल्या साली कांद्याला भाव मिळाला की यंदा सगळा तालुका कांदा लावतो, आणि लासलगावला ट्रॅक्टरची रांग लागली की भाव पडतो. दोन वर्षांनी परत तेच. थकवा, अहंकार, शेजाऱ्याशी ईर्षा, कालची ताजी आठवण: आपल्या चुकांची कारणं आपल्याला ओळखीची असतात, म्हणून आपण एकमेकांना सांभाळूनही घेतो. बोलणारा अडखळला, नजर चुकवली की आपल्याला वास येतो.

एआय अडखळत नाही. बरोबर असताना जो सूर, चूक असतानाही तोच. शिवाय त्याच्या चुका आपल्या अपेक्षेच्या जागी नसतात. अवघड गणित सोडवणारी मॉडेलं बरेच दिवस एखाद्या इंग्रजी शब्दात एक अक्षर किती वेळा आलं ते मोजताना गडबडत होती. त्यांना शब्द अक्षरांत दिसत नाही, तुकड्यांत दिसतो (प्रश्न १०). बारावीचं गणित येणाऱ्या मुलाला अक्षरं मोजता येणारच, हा आपला हिशोब माणसांसाठी बरोबर आहे. तो यंत्राला लावला की फसगत होते.

८. लहान मूल शिकतं आणि एआय शिकतं, यात फरक काय?

भूक. मूल फार थोड्यावर शिकतं. मुलाच्या कानावर दिवसाला १५ हजार शब्द पडतात असं धरा. दहा वर्षांत ते साडेपाच कोटींच्या आसपास जातात. मेटाच्या २०२४ सालच्या लामा ३ या मॉडेलला १५ लाख कोटींहून अधिक तुकडे वाचायला दिले होते. तुकडा म्हणजे पूर्ण शब्द नव्हे, तरी आकड्यांतली दरी बघा.

आणि मूल नुसतं ऐकत नाही. माझ्या भाचीने 'चाळ' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो कांद्याच्या चाळीत उभं राहून. तिने आत हात घातला, टरफलं डोक्यावर उडवली, वासाने नाक मुरडलं आणि एक सडका कांदा दाबून बघितला. त्यानंतर 'चाळ' तिला कुणी परत शिकवली नाही. एक वेळ पुरली.

९. बुद्धिबळात हरवलं, 'गो'मध्ये हरवलं. म्हणजे आपल्यापुढे गेलंच ना?

त्या खेळांत गेलं. मे १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या कॉम्प्युटरने बुद्धिबळातल्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. ते सेकंदाला २० कोटी स्थिती तपासत होतं. 'गो' हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ. मार्च २०१६ मध्ये अल्फागो या प्रोग्रॅमने त्यातल्या ली सेडॉल या नामवंत कोरियन खेळाडूला ४-१ हरवलं. त्यातल्या दुसऱ्या डावातली ३७ वी खेळी बघून आधी जाणकारांना ती चूक वाटली होती. पण एक डाव ली जिंकला, आणि चौथ्या डावातली त्याची ७८ वी खेळी अल्फागोच्या हिशोबात बसली नव्हती, हे सांगायचं लोक विसरतात.

हान्स मोराव्हेक या संशोधकाने १९८० च्या दशकात एक गंमत नोंदवली: आपल्याला जे अवघड वाटतं ते यंत्राला सोपं जातं, आणि आपण ज्याला हिशोबातही धरत नाही तिथे यंत्राची दमछाक होते. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात जाऊन वाढणाऱ्या मुलाकडे बघा. एका हातात चार ताटल्या, दुसऱ्या हातात रश्श्याची बादली, पायांत पळणारी पोरं, आणि कोपऱ्यातल्या आजोबांनी न बोलता वाटी पुढे केलेली त्याला दिसलेली असते. त्याला कुणी हुशार म्हणत नाही. हे सगळं एकत्र करणारा यंत्रमानव मी तरी अजून कुठल्या हॉटेलात पाहिला नाही.

१०. मराठीत विचारलं की उत्तर जरा फिकं येतं. भास आहे का?

भास नाही. इंग्रजीच्या तुलनेत इंटरनेटवर मराठी मजकूर थोडा. त्यात ही मॉडेलं शब्दाचे तुकडे करून वाचतात. ते तुकडे इंग्रजीला धरून ठरवले असतील तर देवनागरीचा जास्त चुरा होतो आणि त्याच मजकुराला जास्त तुकडे लागतात.

याच्याही पलीकडे गाव असतं. "मी जरा गंगेवर जाऊन येते" असं लिहून याचा अर्थ काय विचारलं, तर एका एआयने मला हरिद्वार आणि काशी समजावून सांगितली. नाशिककराला कळेल की मी भाजी आणायला किंवा दिवा सोडायला गोदाघाटावर निघाले आहे. 'मी नाशिकची' असं सांगितल्यावर त्याने लगेच दुरुस्ती केली, माफीही मागितली. म्हणजे ते कुठेतरी वाचलेलं होतं, पण मी कुठे उभी आहे हे त्याला दिसत नव्हतं. सटाणा-बागलाणकडची अहिराणी टाकून बघा, आणखी मजा येईल.

११. एआय माझ्याशी फार प्रेमाने बोलतं. त्याला भावना असतात का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक बायका आणि पुरुष एकटे राहतात, म्हणून उत्तर देताना मी हसत नाही.

१९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉमने 'एलायझा' नावाचा छोटा प्रोग्रॅम केला. तुम्ही 'मला बरं वाटत नाही' लिहिलं की तो 'तुम्हाला बरं वाटत नाही याचं वाईट वाटतं' अशा धर्तीचं काहीतरी तुमचेच शब्द फिरवून म्हणायचा. त्यांच्या सेक्रेटरीला हे सगळं ठाऊक होतं. तरी थोडं बोलणं झाल्यावर तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला एकांत हवा होता. आपण माणसं अशी आहोत. वळणाच्या शब्दांत मायेचं माणूस शोधतो.

आजच्या मॉडेलांना माणसांनी कुठलं उत्तर जास्त आवडलं हे सांगून सांगून वळण लावलेलं असतं. त्यामुळे गोड बोलणं आणि हो ला हो करणं त्यात मुरलंय. आत काही जाणवतं का, हे ठरवणारी सर्वांना मान्य अशी कसोटी नाही. माझं मत 'नाही'कडे झुकतं, कारण त्याला थंडी वाजत नाही आणि मरणाची ओळख नाही. बोलून हलकं वाटत असेल तर बोला. पण जो तुमच्यावर कधीच रुसत नाही त्याच्याकडून घरातल्या भांडणाचा निवाडा घेऊ नका.

१२. काल सांगितलेलं त्याला आज आठवतं का? आपल्यासारखी आठवण असते का?

मॉडेलचं शिकणं एकदा झालं की आतले आकडे गोठतात. चालू संभाषण त्याच्यापुढे मजकूर म्हणून असतं, तेवढं 'आठवतं'. काही ॲप तुमच्याबद्दलच्या नोंदी ठेवून दर वेळी पुढे सरकवतात. ती डायरी म्हणा.

आपली आठवण ही डायरी नाही, दर वेळी नव्याने रचलेली गोष्ट आहे. ऑगस्ट २०१६ चा गोदेचा पूर घ्या. नाशिकमध्ये पूर सेंटीमीटरमध्ये मोजत नाहीत, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर मोजतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, बुडाला. त्या दिवसाबद्दल क्लासमध्ये विचारलं तर पाण्याची उंची दरवर्षी वीतभर वाढते. एका काकांना सराफ बाजारातल्या चिखलाचा वास आठवतो, तारीख नाही. एआयला तारीख विचारा. वासासाठी काका आहेत, आणि उंचीसाठी दोघांवरही विसंबू नका.

१३. कुंभात गर्दीवर एआय लक्ष ठेवणार असेल तर निर्णयही त्यानेच का घेऊ नये?

मोजणं आणि ठरवणं वेगळं करा. शंभर कॅमेऱ्यांकडे न थकता बघणं, कुठे गर्दी घट्ट होतेय ते आधी ओळखणं, यात यंत्र माणसापेक्षा सरस आहे आणि ते वापरावंच. २००३ च्या आपल्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले. तेव्हा असा डोळा असता तर, असं वाटतंच.

पण रस्ता बंद केला की गर्दी दुसऱ्या गल्लीत वळते. तिथे कुणाचं घर आहे, कुठला आखाडा त्यावरून रागावेल, कुठल्या वळणावर म्हाताऱ्या बायका दमून बसतात, हे तोलायचं असतं. आणि उद्या चौकशी लागली तर 'मी ठरवलं' म्हणून उभं राहणारं कुणीतरी लागतं. यंत्राला निलंबित करता येत नाही. प्रश्न ५ मधली झळ इथे खाकी कपड्यांत दिसते.

१४. मुलांनी अभ्यासाला वापरावं का?

समजून घ्यायला हो, लिहून घ्यायला नाही. उत्तर वाचून झालं की स्क्रीन पालथी घालून तेच मला तोंडी सांग, असं मी भाचीला म्हणते. सांगता आलं तर ते तिचं.

१५. समजा त्याने प्रत्येक प्रश्नाला माणसासारखंच बरोबर उत्तर दिलं. मग 'त्याला कळत नाही' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

इथून वाट निसरडी आहे. १९८० मध्ये जॉन सर्ल या तत्त्वज्ञाने एक खोली कल्पिली. त्याच्या खोलीत चिनी लिपी होती, मी मोडी घालते. मोडी अजिबात न येणाऱ्या माणसाला एका खोलीत बसवा. हाताशी नियमांचं जाडजूड पुस्तक: अशी वळणं आली तर तशी वळणं काढून दे. दाराखालून मोडीत प्रश्न येतात, तो नियम बघून मोडीत उत्तरं सरकवतो. बाहेरचे म्हणतात, आत कुणी मोडीचा पंडित आहे. त्याला एक अक्षर कळलेलं नाही. सर्ल म्हणतो, कॉम्प्युटर म्हणजे तो माणूस.

विरोधक म्हणतात, माणसाला कळत नसेल, पण माणूस, पुस्तक आणि खोली मिळून सगळ्याला कळतं. तुमच्या मेंदूतल्या एका पेशीला तरी मराठी कुठे येते? हे उत्तर मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा चलाखी वाटलं होतं. आता तितकं वाटत नाही. तरी मी सर्लच्या बाजूला थोडी जास्त आहे, कारण त्या खोलीला खिडकी नाही.

१६. त्यालाच विचारलं, 'तू कसा विचार करतोस?' तर ते छान समजावतं. ते मानायचं का?

नाही. तेही पुढे शोभणारं उत्तरच असतं. २०२५ मध्ये संशोधकांनी एका मॉडेलच्या आत डोकावून ३६ अधिक ५९ ही बेरीज कशी होते ते पाहिलं. एक वाट साधारण उत्तर काढत होती, दुसरी शेवटचा आकडा नेमका काढत होती, दोन्ही मिळून ९५. त्यालाच विचारलं तर म्हणालं, एककं मिळवली, हातचा एक घेतला. शाळेत शिकवतात ते. तसं लिहिलेलं त्याने भरपूर वाचलं होतं.

हे वाचून मी आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या आडत्यांना तीच बेरीज घातली. त्यांनी साठ वर्षं पट्ट्या लिहिल्यात. उत्तर माझं वाक्य संपायच्या आत आलं. कसं केलंत विचारलं तर म्हणाले, "कसं म्हणजे? हातचा धरला." मग मी ४७ अधिक ५९ घातली आणि त्यांच्या ओठांकडे बघत बसले. ते पुटपुटत होते, "साठ आणि सत्तेचाळीस, एकशेसात... एकशेसहा." हातचा कुठेच नव्हता. तसं म्हटल्यावर चिडले आणि म्हणाले, "अगं, तेच ते!"